गाडीचा एसी आणि दरवर्षी भरावा लागणारा गॅस

एप्रिल लागला की नाशिकमध्ये द्वारका, वडाळा नाका, मुंबई नाका या भागातील गाडी-एसीच्या दुकानांपुढे गाड्या उभ्या राहू लागतात. प्रत्येक गिऱ्हाईकाचे बोलणे एकच असते : "उस्ताद, थंड होत नाही, गॅस भरून द्या." उस्ताद सिलिंडर जोडतो, पंधरा-वीस मिनिटांत हवा थंड लागू लागते, गिऱ्हाईक पैसे देऊन निघून जाते. पुढच्या उन्हाळ्यात तोच माणूस, तीच गाडी आणि तेच वाक्य. आमच्या व्यापारी बंधूंपैकी कित्येकांनी तर हा खर्च वर्षाचा ठरलेला खर्च म्हणून कबूल करून टाकला आहे. इंजिनाचे तेल बदलायचे, तसा एसीचा गॅस भरायचा.

ही समजूत साफ चुकीची आहे. एसीचा गॅस म्हणजे पेट्रोल-डिझेल नाही. तो जळत नाही आणि कामात खर्चही होत नाही. बंद नळ्यांच्या फेऱ्यात तोच तो गॅस फिरत असतो. घरातला फ्रिज आपण पंधरा-पंधरा वर्षे वापरतो. त्यात दरवर्षी गॅस कोण भरतो? गाडीतले यंत्र जातीने फ्रिजचेच आहे. फरक एवढाच की फ्रिजच्या नळ्या झाळून पक्क्या बंद केलेल्या असतात, तर गाडीत रबरी पाइप, नटबोल्टचे जोड आणि पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर असतो. शिवाय रस्त्याचे हादरे. त्यामुळे थोडासा गॅस वर्षागणिक झिरपतो, हे खरे. पण चांगल्या स्थितीतल्या गाडीला त्याचा फरक जाणवायला काही वर्षे जावी लागतात. ज्या गाडीचा गॅस एका वर्षात उतरतो, त्या गाडीत गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फाटक्या पोत्यात धान्य ओतत राहणे होय.

कापडाच्या व्यापाऱ्याने यंत्रावर का लिहावे, असे कोणी विचारील. एक कारण असे की मालेगाव, भिवंडी, सुरत, इचलकरंजी करणाऱ्याचे निम्मे आयुष्य गाडीत जाते. दुसरे कारण थोडे गमतीचे आहे. 'एअर कंडिशनिंग' हा शब्दच मुळी आमच्या धंद्यातून निघाला. १९०२ साली अमेरिकेत विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने हवेतील दमटपणा ताब्यात ठेवणारे यंत्र बनविले ते ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी. कागद दमट होऊन रंग जागेवर बसत नव्हते म्हणून. आणि १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर या सूतगिरण्यांच्या इंजिनिअरने या कामाला 'एअर कंडिशनिंग' हे नाव दिले. सुताला योग्य ओल देण्याला गिरणीत 'कंडिशनिंग' म्हणत, तेच त्याने हवेला लावले. मालेगावचा यंत्रमागवाला हे लगेच समजेल, कारण हवा कोरडी पडली की धागा तुटतो हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

आता यंत्र कसे चालते ते पाहू. इंजेक्शन देण्यापूर्वी डॉक्टर दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवतात तेव्हा गार लागते. स्पिरिट गार नसते; ते उडताना अंगातली उष्णता घेऊन जाते. माठातले पाणीही याच कारणाने थंड होते. पातळ पदार्थाची वाफ होताना तो जवळची उष्णता ओढून घेतो आणि वाफेचे पुन्हा पाणी होताना तीच उष्णता बाहेर टाकतो. गाडीचा एसी हेच काम करतो. गाडीच्या आत उष्णता उचलायची, बॉनेटच्या पुढच्या बाजूला नेऊन टाकायची, आणि ही हमाली करतो तो गॅस.

सध्या आपल्याकडील बहुतेक गाड्यांत आर-१३४ए नावाचा गॅस असतो. मोकळ्या हवेत तो शून्याखाली २६ अंशांवर उकळतो. पण दाब दिला की त्याचा उकळबिंदू वर सरकतो. सुमारे २८ पौंड दाबाखाली, म्हणजे टायरमध्ये भरतो त्याहून थोड्या कमी दाबाखाली, तो शून्य अंशावर उकळतो. २३० पौंडांच्या आसपास दाबला तर ६० अंशांवरही त्याचे पाणी होते. साऱ्या यंत्राची किल्ली या दोन आकड्यांत आहे. उष्णता नेहमी जास्त तापलेल्याकडून कमी तापलेल्याकडे जाते. मे महिन्यात मालेगावला बाहेर ४३ अंश असताना तिथल्या हवेत उष्णता टाकायची असेल, तर टाकणारा ४३ पेक्षा अधिक तापलेला पाहिजे. म्हणून गॅस दाबून ६० अंशांवर न्यावा लागतो. आणि गाडीच्या आतली ३०-३५ अंशांची हवा थंड करायची तर गॅस तिच्यापेक्षा बराच थंड हवा, म्हणून आत येताना त्याचा दाब एकदम सोडून द्यावा लागतो.

दाबण्याचे काम कॉम्प्रेसर करतो. तो इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. एसीचे बटण दाबल्यावर 'टक्' असा आवाज येतो तो त्याच्या मॅग्नेटिक क्लचचा. दाबलेला गरम गॅस पुढे कंडेन्सरमध्ये जातो, म्हणजे रेडिएटरच्याही पुढे असलेल्या जाळीत. तिथे वाऱ्याने व पंख्याने त्याची उष्णता जाते आणि त्याचे पाणी होते. मग ड्रायर. त्याच्या पोटातले दाणे नळीत राहिलेली ओल शोषून घेतात. त्यानंतर एक्सपान्शन वॉल्व्हचे बारीक भोक, आणि तिथून डॅशबोर्डच्या आतली कूलिंग कॉइल. भोकातून निघताच दाब पडतो, पातळ गॅस कॉइलमध्ये उकळू लागतो, कॉइल बर्फासारखी गार होते व तिच्यावरून ब्लोअर हवा सोडतो. उकळलेला गॅस परत कॉम्प्रेसरकडे. फेरा पूर्ण.

त्या गार कॉइलवर हवेतली ओल पाणी होऊन जमते आणि नळीने गाडीखाली ठिबकते. गाडीखाली पाणी दिसले म्हणून घाबरून गॅरेज गाठणारे लोक आम्ही पाहिले आहेत. ते पाणी ठिबकणे चांगले लक्षण आहे. पावसाळ्यात ठिबकणे बंद होऊन पायाजवळचा गालिचा ओला झाला, तर मात्र नळी तुंबली असे समजावे.

थंड होत नाही म्हटल्यावर गॅसवर संशय घेण्यापूर्वी स्वस्तातली कारणे तपासावीत. बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे केबिन फिल्टर असतो. तो धुळीने भरला की हवाच येत नाही. कंडेन्सरच्या जाळीत माती, किडे अडकतात. आमच्या गाड्यांत तर यंत्रमागाच्या गल्ल्यांतली कापसाची तूसही चिकटते. ती हलक्या धारेच्या पाण्याने धुवावी. जोराच्या फवाऱ्याने जाळीची नाजूक पाती वाकतात आणि नुकसान वाढते. गाडी पळताना गार आणि सिग्नलला उभी राहिली की गरम, असे होत असेल तर बहुधा कंडेन्सरचा पंखा बंद पडलेला असतो. पट्टा सैल, रिले जळालेला, ही कारणेही असतातच.

यानंतर गॅसचा नंबर. येथे चांगला कारागीर आणि नुसता सिलिंडर जोडणारा यांतला फरक दिसतो. कारागीर प्रथम गेज लावतो. निळे घड्याळ कमी दाबाच्या बाजूचे, लाल घड्याळ जास्त दाबाच्या बाजूचे. दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी आहे. दोन्ही वर असतील तर गॅस जास्त भरला आहे किंवा कंडेन्सरला वारा मिळत नाही. निळा वर आणि लाल खाली, म्हणजे कॉम्प्रेसर थकला. हकीम नाडी पाहतो तशी ही नाडी आहे आणि ती न पाहता औषध देणाऱ्यापासून दूर राहिलेले बरे.

गॅस कमी निघाला तर गळती शोधायची. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही बाहेर येते, म्हणून ज्या जोडाभोवती तेलकट धूळ बसली आहे तिथे प्रथम पाहावे. मग साबणाचे पाणी, नाहीतर गॅस हुंगणारे इलेक्ट्रिक यंत्र, किंवा सिस्टिममध्ये चमकणारा रंग घालून निळसर-जांभळ्या दिव्याखाली पाहणे. सिस्टिम रिकामी असेल तर कोरडा नायट्रोजन भरून तपासतात. कित्येकदा दोष निघतो तो एका रबरी ओ-रिंगचा, जिची किंमत गॅसच्या एका भरण्यापुढे काहीच नाही. पण कूलिंग कॉइल गळत असेल तर डॅशबोर्ड खोलावा लागतो, दिवस जातो, पैसे लागतात. आणि हेच काम टाळण्याकरिता गिऱ्हाईक व कारागीर दोघेही 'यंदा गॅस भरून चालवू' म्हणतात. दोन-तीन उन्हाळ्यांच्या गॅसचा हिशेब मांडला तर कॉइलचा खर्च बऱ्याच वेळा निघून आलेला असतो. शिवाय गॅसबरोबर तेल जात राहते, कॉम्प्रेसर कोरडा पडतो, आणि तो एकदा अडकला की लोखंडाचा चुरा सगळ्या नळ्यांत पसरतो. मग कॉम्प्रेसर, ड्रायर, वॉल्व्ह आणि बहुधा कंडेन्सरही बदलावा लागतो. हे बिल एखाद्या छोट्या दुकानाच्या महिन्याच्या नफ्याएवढे होऊ शकते.

दुरुस्ती झाली की व्हॅक्युम. वेळ वाचविण्यासाठी नेमके हेच काम गाळले जाते. खोललेल्या सिस्टिममध्ये हवा शिरते आणि हवेबरोबर ओल. ही ओल वॉल्व्हच्या भोकात बर्फ होऊन अडकते, गॅस-तेलाबरोबर मिसळून आम्ल तयार करते आणि आतून नळ्या खाते. पंपाने आतला दाब पुरेसा खाली आणला की पाणी साध्या तापमानालाच उकळते व वाफ होऊन बाहेर ओढले जाते. याला अर्धा-पाऊण तास लागतो; पाच मिनिटांत होत नाही. नंतर पंप बंद करून काटा पाहायचा. काटा हलला तर कुठेतरी अजून गळती आहे. उघडलेल्या सिस्टिमचा ड्रायरही त्याच वेळी बदलावा, कारण त्यातले दाणे एव्हाना ओल पिऊन भरलेले असतात.

मग गॅस, आणि तो वजनाने. बॉनेटखाली एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर गॅसचे नाव आणि ग्रॅममध्ये वजन छापलेले असते. लहान-मध्यम गाडीत साधारण ४०० ते ६०० ग्रॅम. मागच्या सीटसाठी वेगळी कॉइल असलेल्या मोठ्या गाडीत त्याहून बराच जास्त. सिलिंडर काट्यावर ठेवून तेवढाच सोडायचा. 'थोडा जादा भरा, उस्ताद, गर्मी फार आहे' असे म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला सांगावे की जादा गॅसने गाडी कमी थंड होते. पातळ गॅसला उकळायला जागा उरत नाही, दाब वाढतो, कॉम्प्रेसरवर ओझे पडते. थानावर ४० मीटर लिहिले असेल तर गिऱ्हाईकाला ४० मीटर भरले पाहिजे. अंदाजाने कापड मोजणाऱ्या दुकानदाराकडे आपण दुसऱ्यांदा जात नाही. हाताने नळी चाचपून गॅस भरणारे जुने कारागीर अनुभवी असतात, आम्हांला त्यांचा आदर आहे. पण आजच्या गाड्यांत गॅस पूर्वीपेक्षा कमी मावतो व पन्नास-साठ ग्रॅमची चूकही जाणवते. हात एवढे वजन सांगू शकत नाही.

आता बाजारातल्या गॅसविषयी, कारण हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. बाजारात सिलिंडर स्वस्त मिळतो तेव्हा आत काय आहे हे विचारावे. कुठे कुठे स्वयंपाकाचा गॅस किंवा तशाच जातीचा जळणारा गॅस भरून दिला जातो. त्याने हवा थंड होते, नाही असे नाही. पण कॉइल डॅशबोर्डच्या आत असते आणि ती गळाली तर तो गॅस माणसे बसलेल्या बंद केबिनमध्ये उतरतो. दुसरी भेसळ याहून वाईट आहे. नाशिकचे द्राक्ष बागायतदार ज्या थंड कंटेनरमधून परदेशी माल पाठवतात, त्या कंटेनरच्या यंत्रांतही बहुधा हाच आर-१३४ए असतो. २०११ साली अशा कंटेनरचे कॉम्प्रेसर फुटून व्हिएतनाम व ब्राझील या देशांत मिळून तीन कामगार मेले. व्हिएतनाममध्ये भरलेल्या बनावट गॅसमध्ये आर-४०, म्हणजे मिथाइल क्लोराइड, मिसळलेले असल्याचे आढळले. हा पदार्थ ॲल्युमिनियमशी मिळून असे द्रव्य तयार करतो, जे हवा लागताच पेटते. गाडीच्या एसीचे कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कॉइल, सगळे ॲल्युमिनियमचेच असते. तेव्हा ओळखीच्या कंपनीचा, सीलबंद, बिलासह घेतलेला सिलिंडरच वापरला जातो की नाही, हे गिऱ्हाईकाने विचारलेच पाहिजे. कारागिरानेही राग मानू नये. सिलिंडरपाशी उभा तोच असतो.

गॅस कोणता, हा प्रश्न जुन्या गाडीवाल्यांनाही पडतो. नव्वदच्या दशकापर्यंतच्या गाड्यांत आर-१२ असे. त्याने आकाशातील ओझोनच्या थराला भोक पडते हे कळल्यावर १९८७ साली मॉन्ट्रिअलला करार झाला, भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला, २००० साली आपल्याकडे कायद्याचे नियम आले आणि २०१० पासून तो गॅस गाड्यांसाठी बंदच झाला. आर-१३४ए ओझोनला काही करत नाही, पण हवेत सोडलेला त्याचा एक किलो सुमारे १४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. म्हणून २०१६ च्या किगाली करारात तोही कमी करण्याचे ठरले व भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. युरोपात २०१७ पासून नव्या मोटारगाड्यांत तो चालत नाही. तिथे बहुतेक आर-१२३४वायएफ वापरतात. याचा अर्थ आजच आपल्या गाड्या बदलाव्या लागतील असा नाही. पण दुरुस्तीपूर्वी जुना गॅस 'फुस्स' करून हवेत सोडण्याची रीत संपली पाहिजे. तो ओढून, गाळून पुन्हा भरण्याचे यंत्र मिळते. त्यात गॅस वाचतो व किती उरला होता याचे वजनही कळते. गॅस बदलला की तेलही बदलते, हेही लक्षात ठेवावे. आर-१२ ला खनिज तेल चाले, आर-१३४ए ला पीएजी जातीचे लागते.

ज्यांची मुले गॅरेज लाइनमध्ये आहेत त्यांनी पुढची गोष्ट नीट वाचावी. केंद्र सरकारच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरील मालट्रकांच्या केबिनला एसी असणे सक्तीचे झाले आहे. इंजिनाच्या धगीवर बसून मे महिन्यात राहुडचा घाट चढणाऱ्या ड्रायव्हरला ही सोय फार पूर्वी मिळायला हवी होती, असे आमचे मत आहे. पण धंद्याच्या दृष्टीने पाहा. नाशिक म्हणजे मुंबई-आग्रा रस्त्यावरचे गाव. आडगावचे ट्रक टर्मिनस, पिंपळगाव-लासलगावचा कांदा, मालेगावचे कापड, सातपूर-अंबडचे कारखाने. हे नवे ट्रक वॉरंटी संपल्यावर रस्त्याकडेच्या गॅरेजमध्येच येणार. ट्रकचे इंजिन उघडणारे कारागीर आपल्याकडे भरपूर आहेत. ट्रकचा एसी जाणणारे किती आहेत, याची चौकशी कोणीही आडगाव नाक्यावर करून पाहावी. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंग टेक्निशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. दहावी झालेल्या मुलाने तो करून मग उस्तादाच्या हाताखाली दोन उन्हाळे काढले, तर हुनरही येते आणि कागदही हातात राहतो. गेजचा संच, व्हॅक्युम पंप, वजनकाटा आणि गळती शोधण्याचे यंत्र, एवढ्यावर काम सुरू होते. भांडवल एखाद्या लहान कापड दुकानाच्या मालापेक्षा कितीतरी कमी लागते.

ट्रकमालकांनी ड्रायव्हरला एक ताकीद जरूर द्यावी. उभ्या गाडीच्या काचा बंद करून, इंजिन व एसी चालू ठेवून झोपू नये. सायलेन्सरचा धूर कुठूनही आत शिरला तर त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. चालत्या गाडीतही आतलीच हवा फिरवणारे बटण तासन्‌तास चालू ठेवले तर डोके जड होते, झापड येते. मधूनमधून बाहेरची हवा घ्यावी. थंडीच्या दिवसांतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा. त्यामुळे कॉम्प्रेसरच्या सीलला तेल मिळत राहते. चार महिने बंद ठेवलेल्या गाडीचे सील सुकते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तिथूनच गळती सुरू होते.

गॅरेजमधून निघताना बिलावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात : गळती कुठे निघाली, कोणता भाग बदलला, व्हॅक्युम किती मिनिटे धरला, आणि कोणता गॅस किती ग्रॅम भरला. पुढच्या वेळी दुसऱ्या कारागिराकडे गेलात तरी हा कागद त्याला उपयोगी पडेल. इलेक्ट्रिक गाडी असेल तर पाचवी गोष्ट तेलाची. या गाड्यांचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर न चालता मोठ्या बॅटरीच्या विजेवर चालतो, त्याची मोटर तेलातच असते, म्हणून बहुधा वीज न वाहणारे पीओई जातीचे तेल लागते. पेट्रोल गाडीला वापरलेल्या पाइपमधून पीएजी तेल थोडे जरी आत गेले तरी विजेचा बंदोबस्त बिघडतो, गाडी बंद पडते. अशा गाडीसाठी गेज व पाइप वेगळे ठेवणाऱ्या कारागिराकडेच जावे, आणि केशरी रंगाच्या वायरीला शिकाऊ पोराला हात लावू देऊ नये.